ओली माती आणि हमीदभाई

वीर स्टेशनवर उतरून महाडला जायला रिक्षात बसले, तेव्हा रिक्षावाल्यानेच सांगितलं, "बाई, तुमचे हमीदभाई गेले. कालच दफन झालं." त्याला आता महिना होत आला.

आखातात बरीच वर्षं शीतगृहांची यंत्रं सांभाळून हमीदभाई परतले आणि महाडच्या बाजारात दुरुस्तीचं दुकान घालून बसले. मी शाळेत विज्ञान शिकवते. बंद पडलेला प्रोजेक्टर घेऊन गेले, तेव्हाची आमची ओळख. माझी आई पोलादपूरजवळच्या वाडीत एकटी राहते. घराला लागूनच दरडी कोसळणारा डोंगर. पावसाळ्यापुरती माझ्या थोरल्या ताईकडे जा म्हटलं, की तिचं उत्तर ठरलेलं, "डोंगर माझ्या वळखीचा हाय गो." मातीतला ओलावा मोजून नोंदवणारं यंत्र करावं आणि तो चढताना आईला कॉम्प्युटरवर दाखवावा, असं माझ्या मनात आलं. हमीदभाईंना सांगितलं तर वाटलं, लगेच सोल्डरिंगला बसतील. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. सेन्सर किती खोल पुरायचे? किती मिनिटांनी मोजायचं? लाइट गेली तर? तीन रविवार नुसते कागदावर गेले. शेवटी ठरलं : उतारावर तीन सेन्सर, घरात बॅटरीवर चालणारा मायक्रोकंट्रोलर, सगळे आकडे मेमरी कार्डावर आणि ओटीवर माझा जुना कॉम्प्युटर. पडद्यासाठी मी आठ आलेख काढून नेले होते, त्यातले सात त्यांनी खोडले. "मावशींना एकच रेघ दिसली पायजे. आणि बाई, हे यंत्र दरड सांगणार नाय. माती किती भिजली, तेवढंच. पुढचं माणसांनी ठरवायचं."

गेल्या आषाढात रेघ धोक्याच्या लाल पट्ट्यात चढल्याचं आईनेच कळवलं. मी फोनवर विनवत राहिले, आई हलेना. शेवटी हमीदभाईंना कळवलं. दुपारच्या आत ते रिक्षा घेऊन तिच्या दारात हजर. "मावशी, यंत्र माझं हाय. चुकलं तर मला शिव्या घाला, पण ताईंकडे बसून घाला." आई हसली आणि तिने पिशवी भरली. डोंगर काही सुटला नाही. चार दिवसांनी परतल्यावर तिने खरोखरच त्यांना शिव्या घातल्या. ते आपले मान डोलवत, "घाला, घाला... डोंगर जागेवर हाय ना, मग झालं तर."

परवा वाडीत जाऊन वर्षभराच्या नोंदी उघडल्या. भर उन्हाळ्यातल्या सपाट, कोरड्या रेघेवर मधूनच छोटे उंचवटे दिसले, दर पंधरा-वीस दिवसांनी एक. सेन्सर बिघडला, असं मी म्हटलं.

"बिघडला नाय गो," आई म्हणाली. "हमीद यायचा. वर चढून तांब्याभर पाणी वतायचा, मंग हितं येऊन बघायचा, रेघ हालली का. चहा प्यायचा नि जायचा. डॉक्टरनं चढाला मना केलेलं त्याला... तुला सांगू नको बोलायचा."

शेवटचा उंचवटा ते गेले त्याच्या आठच दिवस आधीचा होता. चुकीचे आकडे म्हणून मी ते पुसायला निघाले होते.