कुलूपबंद खोलीतली किंकाळी

चिऱ्याच्या खाणीत मशीनने बाबांच्या उजव्या हाताची बोटं नेली, तेव्हा मी नववीत होते. खाणमालकाने दवाखान्याचं बिल भरलं आणि विषय मिटवला. आई काजूच्या फॅक्टरीत जायला लागली. काजूच्या टरफलाचं तेल कातडी जाळतं. संध्याकाळी ती हाताला खोबरेल चोळत बसायची आणि भाकऱ्या आम्ही बहिणी थापायचो. त्या घरातून मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. आमच्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. हे मी कोणी न विचारताही सांगते.

लग्न झाल्यावर बहरीनला आले. नवरा एका कंपनीत ड्रायव्हर. हूरा भागात आम्ही शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये राहतो: एक खोली आमची, बाकीचा फ्लॅट दादा-वहिनींचा आणि त्यांच्या पोरांचा, किचन दोन्ही घरांत मिळून. दादा म्हणजे नवऱ्याचे सुपरवायझर. व्हिसा त्यांनीच काढून दिलेला. त्यांचं मन फिरलं तर आधी खोली जाणार आणि पाठोपाठ नोकरी. हे आम्हाला कोणी सांगावं लागत नव्हतं.

मुंबईच्या एका कंपनीसाठी मी घरून सबटायटल करते. आधी स्वयंपाकाचे कार्यक्रम यायचे, मग मालिका आल्या. मग एके दिवशी जुने जपानी सिनेमे आले, फक्त प्रौढांसाठीचे. सगळे एकाच नटीचे, सोबत तिची लांबलचक मुलाखत. जपानी मला येत नाही, इंग्रजीवरून करते. पहिल्याच सिनेमात ती उघड्या पाठीने बर्फातून चालत जाते आणि पाठीवरून रक्त वाहत असतं. मी लॅपटॉप मिटला आणि आधी दाराची कडी बघितली.

नाही म्हटलं असतं तर पुढचं काम आलं नसतं. म्हणून दुपारी, दादा आणि नवरा ड्यूटीवर, पोरं शाळेत असताना, दार लावून, कानात ब्लूटूथचे इअरफोन घालून करायचे. लिफ्ट थांबल्याचा आवाज झाला की हात आपोआप स्क्रीनवर जायचा.

त्या बाईबद्दल मला हळूहळू कळत गेलं. कोवळ्या वयात ती स्टुडिओत आली. चहाचा ट्रे घेऊन येणारी मोलकरीण, एवढंच काम. मग घरोघरी टीव्ही आले, थिएटरं ओस पडली आणि स्टुडिओने असले सिनेमे काढायला घेतले. मोठ्या नट्या सोडून गेल्या, ही राहिली. कधी भूत झाली, कधी तुरुंगातली कैदी, कधी सूड घेणारी विधवा. गावात पोस्टर लागलं तेव्हा तिच्या वडिलांनी बोलणं टाकलं. पुढे टीव्हीवर ती सगळ्यांची आई झाली. आता म्हातारपणी त्याच जुन्या सिनेमांसाठी तिला स्टेजवर बोलावतात. मुलाखतीत तिला लाजेबद्दल विचारलं, तर म्हणाली, लाज वाटायला सवडच नव्हती, भीतीच फार होती. थंड पाण्याची भीती, आगीची भीती, आणि पुढचा सिनेमा मिळेल की नाही याची. ते वाक्य मराठीत करताना मी बराच वेळ थांबले होते.

त्या दुपारी धुळीचं वारं सुटलं. गच्चीवर कपडे होते. मी एका ओळीची वेळ जुळवत होते, त्यासाठी तेवढाच तुकडा परत परत चालू ठेवावा लागतो. नटी किंचाळते आणि मग एक वाक्य बोलते, तो तुकडा. तो तसाच चालू ठेवून खोलीला कुलूप लावलं आणि वर पळाले. जिन्यातच कानातले इअरफोन गप्प झाले. वाटलं, चार्जिंग गेलं.

कपडे घेऊन उतरताना किंकाळी ऐकली. क्षणभर मलाही वाटलं, कोणा बाईला मारतायत. मग पुन्हा ऐकू आली, अगदी तशीच, आणि मी ओळखली. इअरफोन लांब गेल्यावर लॅपटॉपने स्वतःच्या स्पीकरवर आवाज सुरू केला होता.

आमच्या खोलीच्या दाराशी वहिनी दोन्ही हातांनी दार बडवत होत्या. शेजारी नातूर, म्हणजे इमारतीचा राखणदार, हातात फोन घेऊन उभा.

"अंदर औरत चिल्ला रही है. पुलिस को बुलाता हूँ."

"भैया, रुको," मी म्हटलं.

वहिनी वळल्या. माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. "तू इथे? मग आत कोण आहे?"

आत पुन्हा किंकाळी. मी किल्ली काढली. आमच्या खोलीत टीव्ही नाही हे वहिनींना माहीत. काय सांगणार होते मी?

दार उघडलं. स्क्रीनवर ती, केस मोकळे, खांदा उघडा, तोंडावर रक्त. मी आवाज बंद केला. वहिनी नातूरला म्हणाल्या, "पिक्चर है. खलास. जाओ." तो हसत गेला. वहिनी हसल्या नाहीत.

"हे करतेस होय दार लावून?"

"काम आहे माझं."

"असलं? बी.ए. होऊन?"

"बी.ए. झाले म्हणूनच मिळालं."

त्या पलंगावर बसल्या. मी ओले-कोरडे कपडे छातीशी धरून उभी होते आणि मनात सामान बांधत होते.

"तिला मारतायत का?"

"आत्ता. पुढे ती मारते सगळ्यांना."

"तिच्या घरच्यांना चाललं?"

"नाही चाललं. तरी केलं तिने."

वहिनी उठल्या. "आजपासून दार उघडं ठेवून करायचं. माझ्या घरात बंद दाराआड काही नको. आणि ह्यांना मी सांगेन, तू मध्ये बोलू नकोस."

काय सांगणार ते सांगितलं नाही. संध्याकाळी दादा आले. भिंतीपलीकडे वहिनींचा आवाज, मग ताटांचा आवाज. नवरा माझ्याकडे बघत होता, मी भिंतीकडे. जेवण झाल्यावर दादा दारात आले.

"भुताचे सिनेमे करतेस म्हणे."

"हो दादा."

"पोरं घरात असताना नको."

एवढंच बोलून गेले.

कंपनीने विचारलं, शेवटी नाव घालायचं का? बरेचजण असल्या कामावर घालत नाहीत. नवरा म्हणाला, "नको घालूस. इथे कोणी बघितलं म्हणजे?" भीती मलाही होती, आजही आहे. लिफ्ट थांबली की अजून हात थांबतो. पण दार उघडं असतं. येता-जाता वहिनी विचारतात, "आज मेली का गं?"

त्या नटीचे सगळे आलेले सिनेमे आणि मुलाखत मी मराठीत पूर्ण केली. प्रत्येकाच्या शेवटी माझं पूर्ण नाव आहे.