कुंपणाशी बंद पडणारी गाडी

पहिल्याच भेटीत भोंगाकाकांनी माझे दोन्ही कान घेतले, ते आजतागायत परत केलेले नाहीत. मी शाळेच्या गाडीपुढे उभा राहून यादी वाचत होतो आणि त्यांनी हॉर्न दाबला. छपरावरची कबुतरं उडाली ती म्हणे दोन गावं पलीकडे स्थायिक झाली. मी यादीसकट हौदात. काका शांतपणे खाली उतरले.

"ऐकू आलं ना साहेब? मग हॉर्न ठीक आहे."

शाळा चालू असताना ते मुलं आणत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच गाडीतून वस्त्यांवर जेवणाचे डबे नेत. पूर्वी मुलांनी शाळेतच येऊन जेवायचं, असा नियम होता. भर उन्हात चार मैल चालत यायचं, जेवायचं आणि घरी पोचेपर्यंत पुन्हा भूक. आता डबा घरी न्यायची मुभा होती. अट एकच, एका थांब्यावर निदान पाच मुलं हवीत. ती मोजायलाच मला कचेरीने गाडीत बसवलं होतं.

शेवटच्या वस्तीवर मुलं होती पाचच. तीन थोरल्या भावाची, दोन धाकट्याची. मध्ये एक कुंपण आणि आठ वर्षांचा अबोला.

"त्याच्या दारात माझी पोरं उभी राहायची नाहीत," थोरला म्हणाला. "उपाशी राहतील."

"उपाशी तुम्ही राहा की," काका म्हणाले. "पोरांना कशाला कामाला लावता?"

धाकट्याचं म्हणणंही शब्दशः तेच. शेवटी भाऊच ते.

शुक्रवारी पाचजण एका जागी दिसले नाहीत तर थांबा बंद, असं मी सांगून टाकलं. काका कुंपणाच्या कडेने टोकापर्यंत पावलं मोजत गेले. एवढा मोठा आवाज असलेला माणूस पावलं मोजू लागला की भीती वाटते.

शुक्रवारी गाडी नेमकी कुंपणाच्या टोकाशी बंद पडली. मग हॉर्न. दोन्हीकडून मुलं धावली आणि त्यांच्यामागे दोन्हीकडून भाऊ, एकेक पाना घेऊन.

"माझ्या दारापर्यंत का नाही आणली?" थोरल्याने विचारलं.

"क्लच गेला. पण धाकट्याच्या दारातही गेली नाही, बघा."

एवढ्यावर त्याचं समाधान झालं. दोघांनी बॉनेटमध्ये डोकी घातली.

"काका, त्याला सांगा, पाना उलटा धरलाय."

"काका, त्याला सांगा, स्वतःचं बघ."

ठणठणीत इंजिनाची त्यांनी अर्धा तास दुरुस्ती केली. त्यात ते थोडं बिघडलंही. तोवर पाचही मुलं कुंपणाच्या सावलीत बसून एकमेकांच्या डब्यांत डोकावत होती. डबे सगळे सारखेच होते, तरी. मी यादीत 'पाच' लिहिलं.

"काका, उद्या पण इथेच बंद पडणार?" धाकट्याच्या मुलीने विचारलं.

"गाडीच्या मनात असेल तर, बाळा."

गाडीच्या मनात ते सबंध उन्हाळाभर होतं. गाडी चालवणारे मी पुष्कळ पाहिलेत. इतक्या नेमक्या जागी ती बंद पाडणारा हा एकच.

पुढच्या वर्षी थांब्याला कायमची मंजुरी मिळाली. गाडी रोज बंद पडते म्हणून काकांची बदली धान्याच्या गोदामावर झाली. तिथे हॉर्न वाजवायला मनाई आहे.