गिरणेचं डांगर, पांझरेचं डांगर

धुळ्याच्या देवपुरात चिंधा नानांचं किराणा दुकान होतं तेव्हाची गोष्ट. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पुढं गोणी, मागं चूल आणि मधे एक दार. त्या दाराआड एकोणीसशे बाराच्या उन्हाळ्यात अकरा वर्षांची एक सून येऊन उभी राहिली, आणि त्या दिवसापासून धुळ्यातली एकही वस्तू चांगली म्हणून राहिली नाही.

सुनेचं नाव शेवंता. माहेर जळगावजवळ, गिरणा नदीच्या काठचं. पहिल्याच दिवशी तिनं वरणाचा भुरका मारला आणि सासूच्या, म्हणजे ताईबाईंच्या, कानाशी लागून म्हणाली, "आमच्या जयगावची दाय अशी नही राहत. उकयी आली का शिजते."

जळगावला ती जयगाव म्हणायची, डाळीला दाय, उकळीला उकयी. तिकडची बोलीच तशी. ताईबाईंनी हसून सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशी वांगी आली. शेवंतानं एक हातात तोललं, म्हणाली, "जड हाये. बियाचं भरलंय." कापलं तर खरंच बी. तिसऱ्या दिवशी केळी आली, ती तर तिनं नुसती लांबूनच पाहिली.

सासऱ्यापुढं सुनेनं तोंड उघडायचं नाही, असा तो काळ. त्यामुळं भांडण व्हायचं ते दारातून. शेवंता आतून ताईबाईंना सांगायची, ताईबाई नानांना सांगायच्या, नाना भडकून ताईबाईंना सांगायचे. बोलणारे दोघं तीन हातांवर, आणि बिचाऱ्या ताईबाईंचं टपालखातं दिवसभर चालू.

"तिले सांग," नाना आपल्या अहिराणीत ओरडायचे, "जळगावनं पानी गोड, जळगावनी माती गोड, मंग आठे कसाले उनी? आमनी मिरची खाय म्हना एकदाव, मंग बोल!"

मिरचीचं मात्र शेवंता मान्य करायची. मिरची, बाजरी आणि भुईमुगाचं तेल, या तीन गोष्टी धुळ्याच्या बऱ्या, असा तिचा निकाल होता. चौथी कधी सापडली नाही.

आता खरं सांगायचं तर या पोरीचा हात आणि नाक दोन्ही देवानं फुरसतीत घडवलेले. गोणीत ती कोपरापर्यंत हात घालायची, कारण वरचा माल एक आणि खालचा दुसरा हे तिला ठाऊक. डाळीचा दाणा दातांखाली फोडून ती सांगायची, यंदाची की गेल्या सालची. नाना बाहेर तिच्या नावानं शंख करायचे आणि नवा माल आला की हळूच मूठभर नमुना आत पाठवायचे. आतून "परत धाडा" आलं की माल परत. होता होता देवपुरात बोलबाला झाला की चिंधा नानांच्या दुकानात खडा शोधून सापडत नाही. पांझरा नदीपलीकडून, आग्रा रोडवरची मोठमोठी दुकानं ओलांडून बायका पूल पार करून यायच्या. नवरा तोताराम स्वभावानं गरीब, गालात हसायचा आणि तोलून द्यायचा. किती छान दिवस होते ते! गूळ, हिंग आणि नव्या गोणपाटाचा तो वास आता कुठल्या दुकानाला येत नाही. कोणी म्हणेल म्हाताऱ्या नाकाचा दोष. असेल.

पण शेवंताची सगळी वकिली जिच्यासाठी होती, ती वस्तू डाळ नव्हती आणि वांगंही नव्हतं. ती होती डांगर.

डांगर म्हणजे आमच्या खान्देशात खरबूज. पुण्याकडं भोपळ्याला डांगर म्हणतात, त्यांचं त्यांना लखलाभ. शेवंताचे वडील धनसिंग आबा गिरणेच्या वाळूत डांगरं पिकवायचे. नदी ओसरली की वाळूत खड्डे घ्यायचे, तळाशी खत घालायचं, बी टोचायचं आणि घागरीनं पाणी देत वेल वाढवायचा. बायको लवकर गेलेली, लेकरू एकच, तेही पोरगी. आबांनी तिला वाळूतच वाढवली. देठ आपसूक सुटला तर फळ पिकलं, ओढावा लागला तर राहू दे, हे तिला अक्षरांआधी कळलं. अक्षरं तर पुढंही कळली नाहीत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी आबा स्वतः तिला न्यायला यायचे. चाळीसगावला गाडी बदलून जळगावला उतरलं की घरी जायच्या आधी दाणाबाजार. तिथं आबा दुकानदाराशी गप्पा मारत वर्षाची डाळ निवडायचे. दुकानदार पसाभर डाळ पोरीच्या हातावर ओतून म्हणायचा, "सांगा, शेवंताबाई, चालीन का?" सगळं दुकान तिच्या निकालासाठी थांबायचं. मग घरी झोका, गोड सांजोऱ्या आणि वाळूतलं डांगर.

आखाजीला आमच्याकडं पितरांना पाणी देतात. गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरायची, तिच्यावर डांगर ठेवायचं, शेजारी आंबा आणि सांजोरी. वैशाखातलं ऊन असतं, वर गेलेल्यांनाही तहान लागतच असणार. त्यांना पोचल्याशिवाय घरातल्या कोणी नवं डांगर, नवा आंबा तोंडात घालायचा नाही. हा नेम मोडलेला कोणी ऐकिवात नाही.

एकोणीसशे अठराच्या पावसाळ्यानंतर मानमोडीचा ताप आला आणि गावंच्या गावं झोपली. धनसिंग आबा तीन दिवसांत गेले. शेवंताला कळलं तेव्हा दिवसही होऊन गेले होते.

पुढच्या आखाजीला ती चुलत्याकडं गेली. चुडामण काकानं आबांचं शेत आणि वाळूतला पट्टा दोन्ही ताब्यात घेतलं होतं. त्याच्या घरात चुलीपुढं ओळीनं घागरी मांडलेल्या, आजोबांची, आजीची, पणजोबांचीसुद्धा. आबांची नव्हती. शेवंतानं विचारलं तर काका भाकरी मोडता मोडता म्हणाला, "ज्याले पोरगा नही, त्याची घागर कोन भरीन? पोरीची घागर पोचत नही, बाई."

त्याच्याच ताटात गिरणेचं डांगर कापून ठेवलं होतं. तिनं हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी ती परतली आणि पुन्हा त्या गावी गेली नाही.

तेव्हापासून शेवंतानं डांगर खाल्लं नाही. तिचा हिशोब अगदी सरळ होता. आधी पितरांना, मग आपल्याला. बापाला मिळालं नाही, तर लेकीनं कुठल्या तोंडानं खायचं? सासरी घागर मांडावी म्हणावं तर दुसऱ्या कुळाचं पाणी या चुलीपुढं कसं चालेल? आणि लेकीनं दिलेलं पोचत नाही, असं तर काका म्हणालाच होता. कोणाला काही सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तिनं सांगितलं नाही. एक मात्र ती करायची. आखाजीला आपल्या वाटणीची फोड परसात नेऊन गायीला घालायची आणि मनात बापाचं नाव घ्यायची. गायीच्या तोंडून पोचलं तर पोचलं. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही. बायका सगळ्यांच्या मागून जेवतात, त्या काय खातात आणि काय नाही हे बघायला सवड कोणाला असते?

जिभेचा पट्टा मात्र तसाच चालू. उलट डांगराच्या बाबतीत जास्तच. "गिरणेच्या डांगराले साखर लावा नही लागत," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगायची. नाना बाहेर ऐकायचे आणि आत जळायचे.

वयानं थकल्यावर नानांनी दुकान तोतारामच्या हाती दिलं. सगळ्यांना वाटलं, म्हातारा आता ओट्यावर बसून राहील. पण म्हाताऱ्याच्या डोक्यात एकच किडा. त्यांनी पांझरेच्या वाळूत एक पट्टा धरला आणि डांगर लावलं. साठीतला माणूस, डोक्याला फडकं बांधून दोन्ही हातांत घागरी घेऊन वेलांना पाणी घालायचा. ताईबाई कपाळाला हात लावायच्या. "येडं लागनं का तुमले?"

"जळगाववालीना तोंडथून एकदाव 'गोड शे' ऐकनं शे," नाना म्हणायचे. "मंग मी मरासले मोकळा."

पहिल्या साली आखाजीला त्यांनी आपल्या वाळूतलं फळ पितरांना वाहिलं, दुसरं कापून फोड आत पाठवली आणि दाराशी कान लावून बसले. आतून निरोप आला, "वास बरा शे." दुसऱ्या साली निरोप आला, "रंग चांगला शे." एव्हाना तिची बोली अर्धी इकडची झाली होती, पण निकाल तिकडचाच. गोडीबद्दल अक्षर नाही. नानांनी तिसऱ्या साली शेणखतात राख मिसळली, वेलाला दोनच फळं ठेवली आणि रोज जाऊन त्यांच्याशी बोलले. नातवंडांशी इतकं बोलले नसतील.

एकोणीसशे एकतीसची आखाजी. फळ असं उतरलं होतं की नुसतं घरात आणलं तर वास गल्लीत गेला. नानांच्या आईवडिलांच्या घागरी भरून झाल्या, जेवणं झाली. नानांनी स्वतःच्या हातानं फोड कापून ताईबाईंकडं दिली आणि निरोपाची वाट पाहत बसले. निरोप आला, "वास भलता गोड शे."

वास! नाना उठले. सुनेच्या बाजूला कधी न जाणारा माणूस, तो घराला वळसा घालून थेट परसात गेला. बघतो तर शेवंता गायीच्या तोंडाशी हात धरून उभी, आणि गाय नानांच्या तीन सालांच्या मेहनतीची फोड चघळतेय.

"मना घामनं डांगर तू गायले घालस?" नानांचा आवाज इतका चढला की तोताराम दुकान उघडं टाकून धावत आला. "एवढी मिजास? एक घास जड व्हयना तुले? वीस वरीस तुनं जळगाव ऐकी लिधं मी!"

शेवंतानं पदर पुढं ओढला, पण आत पळाली नाही. ताईबाई मधे यायला निघाल्या, तर तिनं त्यांना हातानं थांबवलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती सासऱ्याशी स्वतः बोलली.

"मिजास नही, नाना. मी बारा वर्सापासून डांगर खाल्लं नही. कोनाचंच नही, गिरणेचंबी नही. माह्या बापाची घागर कोनी भरली नही. काका म्हने, पोरगा नही त्याले कोन पानी देईन? आधी त्याले, मंग मले. त्याले नही तं मले कसं चालीन?"

आणि मग ती रडली. बारा वर्षांचं रडणं, ते काही लवकर आवरेना.

या पोरीनं धुळ्याच्या सगळ्या मालाला नावं ठेवली, ती चव आठवून नव्हे तर बाप आठवून, हे नानांना त्या घटकेला कळलं आणि स्वतःची लाज वाटली. पायताणसुद्धा न घालता भर उन्हात निघाले ते थेट कुंभाराकडं. परत आले तेव्हा खांद्यावर कोरी घागर होती आणि पाय भाजून लाल झाले होते.

ताईबाई घाबरल्या. "दुसरा कुळनी घागर आपला घरमा? लोके काय म्हनतीन?"

"म्हनू दे," नाना म्हणाले. "तेले पोऱ्या नही तं नही. व्याही जित्ता शे ना!"

त्यांनी घागर स्वतः धुतली, स्वतः भरली आणि आपल्या आईवडिलांच्या घागरींच्या शेजारी मांडली. तिच्यावर पट्ट्यातलं राहिलेलं सगळ्यात मोठं डांगर ठेवलं. सांजोरी शेवंतानं आणून दिली. नानांनी हात जोडले.

"धनसिंग आबा, पानी प्या. बारा वरीस उशीर व्हयना. घरमा राहीसन माले समजनं नही, ती चुकी मनी. डांगर पांझरानं शे, गोड मानी ल्या."

दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं, तोताराम गेला नाही.

थोड्या वेळानं नानांनी कापलेल्या डांगराची एक फोड घेतली आणि दाराआडून नाही, समोरून, सुनेच्या हातावर ठेवली. शेवंता खाली बसली. डोळे पुसले आणि खाल्ली. सावकाश, सालीला दात लागेपर्यंत खाल्ली. रस कोपरापर्यंत ओघळला तरी तिनं पुसला नाही.

नाना उकिडवे बसून तिच्या तोंडाकडं बघत होते. साठी उलटलेला म्हातारा, पण परीक्षेच्या निकालाला बसलेल्या पोरासारखा.

"कसं शे?"

शेवंतानं विचार केला. खोटं बोलणं तिला डाळीच्या बाबतीतही जमलं नव्हतं.

"आबाचं जरा जास्त गोड राहे," ती म्हणाली. मग रिकामी साल खाली ठेवून तिनं हात पुढं केला. "आखो एक फोड द्या, नाना."

नानांनी सुरी उचलली. डोळ्यांतल्या पाण्यानं त्यांना काही दिसत नव्हतं, म्हणून फोड वाकडीतिकडी आणि मोठी कापली गेली.