साडूभाऊंची शववाहिका

रायपुरात आमच्या साडूभाऊंहून हट्टी माणूस नाही. असलाच तर तो त्यांच्याच शववाहिकेतून आडवा होऊन गेला असेल. गाडीत मृतदेह आणि त्याच्या घरची माणसं, याखेरीज काडी चढू द्यायची नाही, हा त्यांचा नियम. बायको गोल बाजारातून पिशव्या वाहत येते आणि शेजारून हे रिकामी गाडी घेऊन जातात. एकदा पंडरीच्या चौकात मी पावसात चिंब उभा होतो. त्यांनी काच खाली केली, मला वाटलं बसवतात. "तुमी जिते हा ना अजून," म्हणाले, आणि गेले. गिऱ्हाइकाला 'पुन्हा या' म्हणायचं नाही, ही सवय तर अशी हाडीमाशी मुरली आहे की घरच्या पाहुण्यांनाही नुसते हात जोडतात. त्यावरून त्यांचे व्याही वर्षभर रुसले होते.

सासऱ्यांना हा धंदा कधी पटला नाही. ती गाडी आपल्या गल्लीत आणायची नाही, अशी जावयाला तंबीच होती. मागच्या थंडीत सासरे शंकर नगरात, मेहुण्याच्या घरी, पहाटे झोपेतच गेले. अग्नी साकोलीजवळच्या आपल्या गावीच मिळावा, एवढीच त्यांची इच्छा होती. डॉक्टरचा दाखला, पोलिसांचं पत्र, यात दिवस बुडेल म्हणून मेहुण्याने त्यांना शालीत गुंडाळून कारच्या मागच्या सीटवर बसवायचं ठरवलं. महाराष्ट्राच्या हद्दीवर कोणी विचारलंच तर म्हातारा झोपलाय म्हणायचं.

साडूभाऊ फाटकात पाय रोवून उभे राहिले.

"जीजाजी, टाइम नहीं है, हटिए," मेहुणा म्हणाला.

"नाई हटत. मामाजी काय चोरीचा माल हाये? काहून लपवून नेता? मेले हायेत ते, मेले म्हनूनच जातील."

डॉक्टरला त्यांनी अक्षरशः उचलून आणलं. ठाण्यात असे ठाण मांडून बसले की साहेबांनी सुटका करून घ्यायला पत्र दिलं. दुपारच्या आत शववाहिका गल्लीतून निघाली. साडूभाऊ चालवत होते, मेहुणा आणि मी मागे सासऱ्यांपाशी.

हद्दीवर शिपायाने कागद पाहिले आणि टोपी काढली. साकोलीपुढे चहाच्या टपरीवरची माणसं गाडी पाहून उठली. एक सायकलवाला खाली उतरला, त्याने हात जोडले. गाव आलं तेव्हा उजेड होता, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक उभे होते. शालीत गुंडाळून नेलं असतं, तर सासऱ्यांसाठी यातलं एकही माणूस उठलं नसतं. सकाळपासून कोरडा राहिलेला मेहुणा तिथे हुंदके देऊन रडायला लागला. साडूभाऊंनी आरशातून त्याच्याकडे पाहिलं आणि गाडी आणखी हळू केली.