आईला हवा होता बारीक आवाज

बदलापुरात आमचं बहुधा एकमेव घर असेल, जिथे गिटार वाजायला लागली की गॅस बंद करतात.

हा पराक्रम माझ्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा. आकाराने जेमतेम बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याएवढा. आत काचेचे तीन दिवे, पूर्वी रेडिओत असायचे तसे. खटका दाबला की ते आधी विचार करतात, मग हळूहळू लालसर होतात आणि मगच गिटारचा आवाज बाहेर सोडतात. (कचेऱ्यांमध्ये अर्जही याच वेगाने पुढे सरकतो, फक्त तिथे उजेड पडत नाही.) वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी हा डबा घेतला. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी खरेदी विभागात आहे. घेतलेला माल उत्तमच आहे, हे छातीठोकपणे सांगण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे घरीही पहिले सहा महिने मी तेच सांगितलं. खरं म्हणाल तर आवाज असा यायचा, की कोणीतरी पातेल्यात बसून गिटार वाजवतंय आणि वरून कोणीतरी झाकण लावलंय!

तेही चालून गेलं असतं. पण मध्येच दाजींची साठी आली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, राहणार अंबरनाथ. छोटासा हॉल घेतला, दीडशे माणसं ठरली आणि ताईचा फोन आला.

"सुध्या, मला तुझ्याकडून साडी नको, भेट नको, काही नको. फक्त आईला गायला लाव."

आता हे सोपं नव्हतं. आईचा गळा ही आमच्या घराण्यातली एकमेव खानदानी चीज. ती स्वयंपाक करताना गायची तेव्हा खालच्या मजल्यावरची माणसं मुद्दाम उशिरा जेवायला बसत. कुकरसुद्धा शिट्टी द्यायचा तो दोन ओळींच्या मध्ये, सम साधून! पण चार वर्षांपूर्वी बाबा गेले आणि ही बाई गप्प झाली ती झालीच. देवासमोरची आरतीसुद्धा ती ओठ मिटून म्हणायला लागली.

मी सगळं धैर्य एकवटून विचारलं, "आई, दाजींच्या साठीला गाशील? बाबांचं आवडतं गाणं. साथीला मी, गिटारवर."

आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पेटीवाला नाही का मिळत कोणी?"

"मी आहे ना!"

"म्हणून तर विचारलं."

मग बराच वेळ नुसती मेथी. अर्धी जुडी संपल्यावर म्हणाली, "गाईन. पण तुझ्या त्या डब्याचा आवाज मला सोसत नाही बाबा. मोठा नको, बारीक हवा. तसा होत असेल तर सांग."

गाईन! चार वर्षांनी 'गाईन'! मी जागच्या जागी उडी मारली. आमच्या सौ. वैशालीने मला बाजूला घेऊन दम भरला, "अहो, आता माघार नाही. आई बारीक म्हणाल्या ना, मग काय वाट्टेल ते करा, पण बारीक करून आणा!"

दुसऱ्याच दिवशी मी डबा उचलला आणि उल्हासनगर गाठलं. उल्हासनगरला काय दुरुस्त होत नाही ते विचारा. उद्या चंद्राला पोचा आला तरी तो आधी इथल्या कॅम्प पाच भागात आणतील, आणि तिथला माणूस म्हणेल, 'शाम को ले जाना.' याच कॅम्प पाचमध्ये कपाटाएवढ्या रुंदीच्या दुकानात मोहिनीदादी बसतात. वडिलांच्या मांडीवर बसून रेडिओ दुरुस्त करायला शिकलेल्या. (सिंधीत दादी म्हणजे थोरली बहीण. हे मला उशिरा कळलं. पहिल्या दिवशी मी आजी समजून चांगला वाकून नमस्कार केला. बाई माझ्याहून जेमतेम आठ वर्षांनी मोठ्या! आशीर्वाद दिला, पण जरा दात आवळून.)

काय सांगू त्या बाईंचा हात! डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतो तसं त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने एकेका काचेच्या दिव्यावर टिचकी मारली. डोळे मिटून ऐकलं. म्हणाल्या, "साईं, चीज अच्छी है. इसको बनाना कैसा है?"

मी माझं ठेवणीतलं हिंदी काढलं. "दादी, माँ को मोटा आवाज नहीं चाहिए. बारीक चाहिए."

"बारीक? पक्का?"

"एकदम बारीक!"

"मोटा बिलकुल नहीं?"

"बिलकुल नहीं! माँ ने साफ बोला है."

दादींनी खांदे उडवले. आतला शेंगदाण्याएवढा एक कपॅसिटर काढला आणि त्या जागी मिऱ्याच्या दाण्याएवढा दुसरा बसवला. जाडा, भारदस्त आवाज ज्या वाटेने जातो ती वाटच त्यांनी अर्धी बुजवून टाकली. काम इतकं सुबक, की मी त्या डागकामाचा फोटो काढून घेतला.

घरी आलो. आईला समोर बसवलं. दिवे लाल होईपर्यंत तिला थोडं शास्त्र सांगितलं आणि पहिली तार छेडली.

"आले, आले!" स्वयंपाकघरातून वैशाली ओरडली आणि तिने गॅस बंद केला. तिला वाटलं, कुकरची शिट्टी झाली! त्या दिवशी आम्ही भात चावून खाल्ला.

आईने कानावर हात ठेवले. "अगं बाई! अरे सुध्या, बारीक कर म्हटलं होतं ना मी? अजून बारीक कर!"

अजून? मी तिच्याकडे बघतच राहिलो. डासाच्या नाकातून निघावा तसा तो आवाज, आणि हिला त्यातही जाडेपणा ऐकू येतो! केवढा हा कान! अभिमानाने माझा ऊर भरून आला. डबा उचलून मी तडक पुन्हा कॅम्प पाचमध्ये.

"दादी, और बारीक."

दादींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "भाऊ, इससे बारीक तो सुई होती है."

"बस! सुईच पाहिजे! म्हणजे, सुईच चाहिए!"

"अम्मा की तबियत ठीक है ना?"

पण गिऱ्हाईक अडून बसलं म्हटल्यावर बाई काय करणार? त्यांनी मिऱ्याच्या जागी मोहरी बसवली.

यावेळी मी तार छेडली आणि माझे स्वतःचे दात शिवशिवले. शोकेसमधले काचेचे ग्लास आपापसांत बोलायला लागले. पलीकडच्या इमारतीतला कुत्रा रडला. सोसायटीचा वॉचमन चार जिने चढून धापा टाकत आला, "साहेब, पाण्याची मोटर जळतेय का बघा!" (वैशालीने गॅस पुन्हा बंद केला होता. यावेळी वर गॅसच्या कंपनीला फोनही लावला होता.)

आई उठली. भिंतीवरचा खटका तिने स्वतःच्या हाताने बंद केला.

"मी नाही गात," म्हणाली आणि आत निघून गेली.

तिचा आवाज चढलेला नव्हता. रागावली असती तर मी समजूत काढली असती. साठीला आठ दिवस उरले होते, आणि मी गिटार मांडीवर घेऊन बसलो होतो. लग्नात हरवलेल्या मुलासारखा.

थोड्या वेळाने वैशाली म्हणाली, "अहो, तुम्ही त्या बाईंना सांगता तरी काय नक्की?"

"आई सांगते तेच! शब्दाला शब्द!"

"मग एकदा आईंनाच घेऊन जा ना. तुमचे शब्द राहू देत."

'ॲम्प्लिफायर परत करायला चाललोय, तूही चल, तिथे साड्या छान मिळतात' अशी शुद्ध थाप मारून मी आईला रिक्षात बसवलं. दुकानात पोचल्यावर दुभाष्याचं काम करायला मी घसा खाकरला. तशी दोघींनीही मला हाताने खाली बसायची खूण केली. आईचं हिंदी भाजीवाल्यापुरतं, दादींचं मराठी आकड्यांपुरतं. पण बोलणं सुरू!

"अम्मा, कैसा आवाज मंगता?"

"मोठा नको हो बाई. बारीक."

"ये भी यही बोला!" दादींनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी छाती काढून बसलो.

शेजारच्या कापडाच्या दुकानातला रेडिओ ठणाणा करत होता. आई वैतागली. "आता हाच बघा ना, किती मोठा लावलाय! जरा बारीक करा म्हणावं त्यांना."

आईने हवेत बटण फिरवून दाखवलं. दादींनी शेजाऱ्याला हाक मारली, त्याने रेडिओचा आवाज कमी केला.

"हं! असा बारीक," आई म्हणाली.

दादींनी रेडिओकडे बघितलं. मग आईकडे. मग फार वेळ माझ्याकडे.

"अम्मा, बारीक मतलब धीमा?"

"हो, धीमा!"

"और मोठा मतलब जोर का?"

"मग दुसरं काय!"

"अडे साईं!" दादींनी कपाळावर हात मारला. "मैं समझी मोटा, माने जाडा! मैंने तो बिचारे का पूरा पेट काट दिया!"

आणि त्या हसायला लागल्या. आईला निम्मं कळलं होतं, पण तीही हसायला लागली. दोघी एकमेकींचे हात धरून हसत होत्या आणि मी कपॅसिटरच्या बरणीत कुठे मावतोय का ते बघत होतो. बावन्न वर्षं! बावन्न वर्षं आई 'टीव्ही बारीक कर' म्हणते आणि मी निमूट बटण खाली करतो. पण डोक्यात एकदा 'टोन', म्हणजे आवाजाचा पोत, शिरला की माणसाला मातृभाषासुद्धा भाषांतरित करावीशी वाटते!

"म्हणजे नुसतं बटणच फिरवायचं होतं?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"नहीं," दादी म्हणाल्या. "छोटा स्पीकर धीमे में रोता है. अम्मा को धीमा चाहिए, मगर भरा हुआ. बैठो."

मग जे झालं ते बघायला तिकीट लावायला हवं होतं. दादींनी मोहरी काढून शेंगदाणा परत बसवला. माळ्यावरून एका जुन्या रेडिओग्रामचा, परातीएवढा कागदी स्पीकर खाली काढला. जाड प्लायच्या खोक्यात तो बसवला, आणि स्क्रू पिळता पिळता सहज म्हणाल्या, "अम्मा, एक लाइन गाओ. मैं उसके हिसाब से बिठाती."

आईने इकडेतिकडे बघितलं. पदर सारखा केला. आणि गायली.

चार वर्षांचा गंज होता, पहिला स्वर जरा अडखळला. दुसरा मात्र थेट आमच्या जुन्या स्वयंपाकघरातून आला. शेजारच्याने रेडिओ पूर्णच बंद केला. समोर शिलाई मशीन चालवणाऱ्याचा पाय थांबला. मी हलकेच तारा छेडत होतो. दादी खोक्याला कान लावून एक स्क्रू किंचित पिळायच्या, "फिर से, अम्मा" म्हणायच्या, पुन्हा पिळायच्या. शेवटी गिटारचा आवाज आईच्या आवाजाखाली असा जाऊन बसला, जसा म्हाताऱ्या माणसाला उठताना कोणी कोपराखाली हात द्यावा. व्हॉल्व्हवर मी वाचलेलं सगळं त्या स्क्रूपुढे रद्दी होतं.

साठीच्या दिवशी हॉल भरला होता. मोहिनीदादी खास आमंत्रणाने पहिल्या रांगेत. आई गायला लागली आणि ताईने दुसऱ्याच ओळीला डोळ्यांना पदर लावला. मी तिसऱ्या ओळीला. माझं कारण वेगळं होतं.

इतके महिने माझ्या वादनातल्या चुका त्या पातेल्याच्या झाकणाखाली सुखाने नांदत होत्या. कोणाला दिसत नव्हत्या. आता आवाज आरशासारखा स्वच्छ झाला होता. माझी एकेक चूक अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून, पाहुण्यांना नमस्कार करत हॉलभर फिरायला लागली! पहिलं कडवं आईने सहन केलं. दुसऱ्या कडव्याला, गाणं न थांबवता, तिने मागे हात करून माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली. लहानपणी जेवताना बडबड केली की ठेवायची तशीच. मी थांबलो. उरलेलं गाणं ती एकटी गायली, आणि असं गायली की टाळी वाजवायचं भान लोकांना उशिरा आलं.

दाजी मला मिठी मारून म्हणाले, "सुधीर, डबा एक नंबर वाजला रे! तू मध्ये मध्ये काय करत होतास?"

परवा दाजींच्या एका मित्राचा फोन आला. त्यांच्याकडेही कार्यक्रम आहे, आईंनी गायला यायलाच हवं. आणि तो ॲम्प्लिफायर जरूर आणा, त्याच्यावर आमचा पुतण्या साथ करील.

मी आशेने विचारलं, "आणि मी?"

"म्हणजे काय! तुम्ही तर हवेतच," ते म्हणाले. "तिसऱ्या मजल्यावर हॉल आहे, लिफ्ट बंद आहे. तो खोका चढवणार कोण?"