बापूरावांची डुकरं आणि माझा क्षेत्रपाल

आता स्वतःच्या विद्वत्तेचं हसं स्वतःच्याच तोंडानं काय सांगायचं! पण चहा तुम्ही पाजताय, तेव्हा ऐका.

नव्वदच्या दशकाची अखेर. मी लोकसाहित्य शिकवत होतो आणि कसबा बावड्यात आमचं टीचभर रान होतं. त्यात सुशीलेनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, ऐन उन्हाळ्यात टोमॅटो लावले. हौस म्हणून नव्हे, नवस म्हणून! मी विषमज्वरानं अंथरुणाला खिळलो होतो, तेव्हा तिनं दत्ताला शब्द दिला होता: हे उठले, तर स्वतः पिकवलेली पहिली तोड नृसिंहवाडीच्या अन्नछत्राला. मी उठलो. मे सरत आला, रान लालेलाल झालं. तोड उद्यावर आली.

शेजारी बापूराव. लष्करातून निवृत्त झालेले, आता पांढरी डुकरं पाळणारे. रोज तिन्हीसांजेला हे गृहस्थ बांधावरच्या दगडापाशी बाजारातून आणलेल्या टोमॅटोंची रास घालत, पत्र्याचा डबा बडवत, एक आरोळी ठोकत आणि मागे न पाहता चालू लागत. कुंपणावरून मला बापूराव तेवढे दिसत; पुढे खाली दगडापाशी काय होई, ते दिसत नसे. दिसायची गरजही काय? अर्पण, वाद्य, आवाहन, पाठमोरं प्रयाण! सीमेवरच्या क्षेत्रपालाचा अख्खा विधी माझ्या बांधावर जिवंत होता!

विचारलं का नाही, म्हणता? अहो, थेट विचारलं की माणूस आपल्याला रुचेल तेच सांगतो, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवत असे!

तोडीच्या आदल्या संध्याकाळी वाटलं, सुशीलेच्या पिकालाही क्षेत्रपालाचं संरक्षण असावं. बापूराव अजून बाहेर आले नव्हते. मी रानाच्या मधोमध बाजारचे टोमॅटो रचले, डबा बडवला, आरोळी दिली आणि पाठ फिरवून घराकडे निघालो.

मागे खसफस झाली. म्हटलं, वारा. मग कुंपण आणि टोमॅटोंच्या आधाराच्या काठ्या कडाकडा मोडल्या. म्हटलं, साक्षात्कार!

"अवोऽ, मागं बघा की!" सुशीला दारातून ओरडली.

"बघायचं नसतं!"

"आवो, डुकरं! समदी डुकरं आत शिरल्यात!"

"बोलू नकोस, विधी मोडेल!"

विधी मोडला नाही. बाकी सगळं मोडलं.

बापूराव धापा टाकत आले. "सर, काय केलासा हे? डबा वाजला की खायाला यायचं, असं शिकीवलंय त्यास्नी! दिसभर ऊस तुटल्याल्या मोकळ्या रानात हिंडत्यात, सांजच्याला असंच गोळा करतोय की मी!"

"पण मग तुम्ही मागे वळून का पाहत नव्हता?"

"डुकरं ती! वळून काय बघायचं?"

वाफ्यात एकही लाल फळ उरलं नव्हतं, एकही झाड उभं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुशीला रिकामी पाटी घेऊन एकटीच वाडीला गेली. संध्याकाळी परतली, तेव्हा मी धीर करून विचारलं, "देवाला काय सांगितलंस?"

चपला काढत ती म्हणाली, "खरं त्येच. म्हटलं, देवा, माझ्याकडनं नवस काय फिटला न्हाय. तू उठवून दिल्यालं परत न्यायचं असंल, तर खुशाल ने. माझी तक्रार न्हाय."