हुमाची कोरी प्लेट

हुमाचा हात हलका, हे पौडच्या बाजारात कुणालाही विचारा. तिच्या वडलांच्या, युनूसभाईंच्या, बांगड्यांच्या दुकानात नवरीला चुडा भरायचा म्हटलं की बायका म्हणायच्या, "तुमी सरा बाजूला, पोरीला बसू द्या."

त्याच हातानं, मे महिन्यात लवळ्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायला शिकताना, पार लाज आणली. प्लेटमधल्या अगरच्या खरवसासारख्या मऊ थरावर तारेच्या टोकानं पाण्याचा थेंब अलगद ओढत न्यायचा, म्हणजे त्यातले जिवाणू सुटे सुटे उगवतात. हुमा ओढायची आणि अगर चिरत जायचा.

"नांगरलंस की!" तिला शिकवणारा सिनियर दिग्विजय हसला.

"मे म्हैना नांगरटीचाच असतो, दादा. पेरणीला येळ हाय."

आणि तिनं दुसरी प्लेट पुढं ओढली. मनगट सैल सोडायचं, तार टेकवायची पण दाबायची नाही, हे हळूहळू बोटांत उतरत गेलं. एका सकाळी प्लेटवर ठिपके उगवले ते काचेच्या मण्यांसारखे, एकेक वेगळा.

मग तिनं आजोळच्या विहिरीचं पाणी आणलं. नानी तेच पाणी पीत होती, सगळी आळी पीत होती. दुसऱ्या दिवशी प्लेट गच्च भरलेली.

"तुझा हात लागलाय," दिग्विजय म्हणाला. "हा नमुना गाळून टाकू."

हुमाची कानशिलं तापली. "हात माझा हाय, चूक माझी न्हाई. ह्या पाण्याची प्लेट तुमी करा. मी निर्जंतुक पाण्याची करते. बघू कुणाचा हात घाण हाय."

दुसऱ्या दिवशी त्याची प्लेट गच्च होती. तिची कोरी.

प्रयोगशाळेच्या प्रमुख किमया मॅडमनी दोन्ही प्लेटा उजेडाला धरल्या. "नमुना राहील. पण हुमा, कोरी प्लेट पहिल्याच दिवशी का नाही ठेवलीस?"

"वाटलं, माझा शब्द पुरंल."

"इथं माझाही पुरत नाही. पुन्हा पाणी आण."

"आणते. पन विहिरीची प्लेट मीच करणार."

बाहेर येऊन तिनं आजोळी फोन लावला. "नानी, पाणी उकळून पी. आळीत समद्यांना सांग."

तिकडून नानी रहिमतबी उसळली. "तुझ्या नानानं जल्मभर हेच पानी पिलं. मेला काय?"

"मेलाच की, नानी! चूल पेटव आधी."